ऑनलाइन बुद्धिबळातील लॅग आणि घड्याळाचा न्याय : खान्देशातील खेळाडूंसाठी सविस्तर मार्गदर्शक

ऑनलाइन ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या जलद डावांत, वेळ संपून हरलेल्या डावांबद्दल जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडच्या खेळाडूंची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते : "सर, माझ्याकडे तीन सेकंद होते, त्याने माझं घड्याळ खाल्लं." अशा तक्रारींपैकी काही खऱ्या असतात; मात्र घड्याळ खाणारा प्रतिस्पर्धी नसून घरातला वायफाय, गल्लीतला फायबरचा जॉइंट किंवा तापलेला मोबाइल असतो. दोष नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे न शोधता जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेणारे पैसे घालवतात आणि लॅग, म्हणजे चाल पोहोचायला होणारा उशीर, तसाच राहतो. म्हणून या लेखात आधी घड्याळ चालते कसे ते पाहू, मग दोष शोधण्याची पद्धत, त्यानंतर दुरुस्ती आणि शेवटी स्पर्धेचे नियम.

घड्याळ कोणाचे चालते

पडद्यावर दिसणारे घड्याळ आपल्या मोबाइलने किंवा लॅपटॉपने रेखाटलेले असते. निकाल ठरवणारे घड्याळ सर्व्हरवर असते, आणि सर्व्हरकडून संदेश आला की आपल्याकडचे घड्याळ त्याप्रमाणे दुरुस्त होते. प्रतिस्पर्ध्याचे घड्याळ ०.४ वर दिसत असताना अचानक ०.९ होते, किंवा ०.० दाखवूनही डाव संपत नाही, त्याचे कारण हेच आहे. त्यात लबाडी नसते.

एक चाल आकड्यांत पाहू. प्रतिस्पर्ध्याची चाल सर्व्हरवरून निघाली आणि ०.०९ सेकंदांनी आपल्यापर्यंत पोहोचली. आपण बरोबर २ सेकंद विचार करून घोडा हलवला आणि ती चाल परत सर्व्हरकडे जायला आणखी ०.०९ सेकंद लागले. सर्व्हरच्या दृष्टीने २.१८ सेकंद गेले, आपल्या दृष्टीने २. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर आपल्या ब्राउझरने मोजलेला विचाराचा वेळ चालीसोबत पाठवला जातो, त्यामुळे सर्व्हरला कळते की ०.१८ सेकंद रस्त्यात गेले, आणि तेवढा वेळ तो आपल्या खात्यात परत टाकतो. हीच लॅगची भरपाई. ही कल्पना नवीन नाही. १९९० च्या दशकात इंटरनेट चेस क्लब आणि फ्री इंटरनेट चेस सर्व्हर यांवर खेळणारे लोक याच कामासाठी वेगळा छोटा प्रोग्राम चालवत असत.

परंतु या भरपाईला मर्यादा आहे, आणि ती असायलाच हवी. मर्यादा नसती तर कोणीही लाइन मुद्दाम अडवून धरून फुकट विचार करू शकला असता. लिचेसवर ही मर्यादा डावाच्या वेळेवर आणि त्या डावात आधी किती भरपाई दिली गेली आहे यावर ठरते. परिणामी दर चालीला सारखाच दीडदोनशे मिलिसेकंदांचा लॅग असेल तर तो जवळजवळ पूर्ण भरून निघतो, पण लाइन मध्येच सात-आठ सेकंद गप्प बसली तर त्यातला मोठा भाग आपल्याच घड्याळातून जातो. खान्देशातल्या खेळाडूने यातून एकच गोष्ट ध्यानात ठेवावी : संथ पण स्थिर लाइन चालते, जलद पण झटके देणारी लाइन चालत नाही.

पहिली पायरी : दोष कोणत्या टप्प्यावर आहे ते शोधणे

चालीच्या प्रवासाचे चार टप्पे धरावेत. पहिला आपले यंत्र, दुसरा यंत्रापासून राउटरपर्यंत, तिसरा राउटरपासून स्थानिक केबलवाल्यामार्गे मुंबईपर्यंत आणि चौथा मुंबईपासून समुद्राखालून परदेशी सर्व्हरपर्यंत. यातला चौथा आपल्या हातात नाही, म्हणून तो आधी समजून घेऊन बाजूला ठेवू. लिचेसचे सर्व्हर फ्रान्समध्ये आहेत. मुंबई ते फ्रान्स हे सरळ अंतर सुमारे सात हजार किलोमीटर आहे आणि काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाण्यायेण्यात किमान ७० मिलिसेकंद लागणारच. केबल मात्र सरळ जात नाहीत. अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र असा त्यांचा फेरा असतो, त्यात मधली उपकरणे आणि वळसे मिळवले की चांगल्या फायबरवरही दीडशे मिलिसेकंदांच्या आगेमागे आकडा दिसणे स्वाभाविक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात केबल तुटल्या तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणारी वाहतूक मंदावली होती. अशा दिवसांत भुसावळचा राउटर बदलून काही उपयोग नसतो.

आता मोजणी. लिचेसवर प्रवेश केल्यानंतर वरच्या पट्टीतील आपल्या नावावर टिचकी मारली की दोन आकडे दिसतात : एक पिंग, म्हणजे आपल्यापासून सर्व्हरपर्यंतच्या फेरीचा वेळ, आणि दुसरा सर्व्हरला चाल हाताळायला लागणारा वेळ. दुसरा आकडा सर्वांना सारखाच असतो आणि बहुधा अगदी लहान असतो. पहिल्या आकड्याकडे एकदा पाहून थांबू नये. तो दोन-तीन मिनिटे पाहत राहावा. १६०, १६५, १५८, १६२ असे आकडे येत असतील तर लाइन उत्तम आहे. १४०, १४५, ९००, १५०, १३०० असे येत असतील तर सरासरी काहीही सांगो, ब्लिट्झच्या दृष्टीने ती लाइन वाईट आहे.

यानंतर राउटरपर्यंतचा टप्पा वेगळा मोजावा. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत पिंग हा शब्द, एक जागा सोडून राउटरचा पत्ता (बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, हाही इंग्रजी अंकांत), आणि पुन्हा एक जागा सोडून आडवी छोटी रेघ व टी हे अक्षर टंकावे. मोजणी अखंड चालू होते आणि कंट्रोल व सी ही बटणे एकत्र दाबली की थांबते. शेवटी किती संदेश हरवले ते टक्क्यांत येते. राउटरपर्यंतचे उत्तर एक ते पाच मिलिसेकंदांत यायला हवे. तिथेच आकडा शंभर-दोनशेवर उड्या मारत असेल किंवा संदेश हरवत असतील, तर केबलवाल्याला फोन करण्याचे कारण नाही, दोष घरात आहे. राउटरपर्यंत सगळे स्वच्छ आणि त्यापुढे मात्र झटके, तर दोष बाहेर आहे. ही चाचणी एकदा सकाळी आणि एकदा रात्री आठ ते अकराच्या दरम्यान करावी, कारण गल्लीतली सगळी घरे एकाच वेळी मोबाइलवर क्रिकेट आणि मालिका पाहू लागली की तिसऱ्या टप्प्यावरची गर्दी तेव्हाच उघडी पडते.

दुसरी पायरी : घरातली दुरुस्ती

जास्त वेगाचा प्लॅन घेऊन लॅग जात नाही. बुद्धिबळाची एक चाल म्हणजे मोजकी अक्षरे. तिला शंभर एमबीपीएस काय आणि दहा काय, दोन्ही सारखेच. महामार्ग चौपदरी झाला म्हणून बस गल्लीतून लवकर बाहेर पडत नाही, तसाच हा प्रकार आहे.

सर्वात मोठा फरक पडतो तो लॅन केबलने. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत कॅट ६ ची वायर टाकावी. लॅपटॉपला त्याचे छिद्र नसेल तर यूएसबीला जोडणारा लॅन अ‍ॅडॉप्टर मिळतो, आणि बहुतेक अँड्रॉइड फोनलाही तो ओटीजीमार्गे, म्हणजे चार्जिंगच्या छिद्राला जोडून, चालतो. वायर शक्यच नसेल तर वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घ्यावा आणि राउटरच्या त्याच खोलीत बसावे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोहोचतो खरा, पण शेजाऱ्यांचे सर्व राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात असतात. ५ गिगाहर्ट्झ भिंतींना लवकर दबतो. जुन्या वाड्यांच्या दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतींपलीकडे त्याची अपेक्षा धरू नये.

दुसरा चोर अपलोडचा असतो. घरात कोणी लग्नाचा व्हिडिओ पाठवत असेल, फोटोंचा आपोआप बॅकअप चालू असेल किंवा शेतावरच्या अथवा दुकानातल्या सीसीटीव्हीचे चित्रण त्याच लाइनवरून चोवीस तास वर जात असेल, तर राउटरमध्ये त्या माहितीची रांग लागते आणि आपली इवलीशी चाल रांगेच्या शेवटी उभी राहते. डाउनलोडचा वेग तपासणाऱ्या चाचणीत हे कळत नाही. पडताळणीचा उपाय सोपा आहे : लिचेसचा पिंग पाहत असतानाच दुसऱ्या फोनवरून एक मोठा व्हिडिओ अपलोड करावा. आकडा दीडशेवरून सहाशेवर गेला तर चोर सापडला. राउटरमध्ये क्यूओएसची (कोणाच्या माहितीला आधी वाट द्यायची हे ठरवण्याची) सोय असल्यास खेळण्याच्या यंत्राला प्राधान्य द्यावे; नसल्यास डावाच्या वेळी बॅकअप थांबवावा आणि घरच्यांना तसे सांगून ठेवावे.

यंत्राचाही दोष असतो, आणि आपल्याकडे तो उन्हाळ्यात वाढतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या छपराखाली चार्जिंगला लावलेल्या फोनवर खेळताना फोन स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवतो. मग बोट उचलल्यानंतर प्यादे सरकायला वेळ लागतो. हा उशीर बहुतांशी आपल्या विचाराच्या वेळातच धरला जातो, कारण फोनने चाल नोंदवलीच उशिरा. त्याची भरपाई कुठलेही संकेतस्थळ देऊ शकत नाही. फोन चार्जरवरून काढावा, जाड कव्हर उतरवावे, पंख्याखाली ठेवावा, आणि शक्य असेल तर उन्हाळी स्पर्धा सकाळी लवकर खेळाव्यात.

मोबाइल डेटावर खेळणाऱ्यांसाठी

धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ या सातपुड्याच्या भागात किंवा यावल-रावेरच्या मळ्यांतल्या घरांत फायबर नसेल तर मोबाइल डेटा हाच मार्ग उरतो. तिथे सिग्नलच्या कांड्यांपेक्षा स्थिरता पाहावी. फोन ४जी आणि ५जी यांच्यात सारखा उड्या मारत असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ४जी पक्के करून टाकावे. वेग कमी होईल, झटकेही कमी होतील. लॅपटॉपवर खेळताना हॉटस्पॉटऐवजी यूएसबी टेदरिंग वापरावे, म्हणजे वायफायचा एक टप्पा वगळला जातो. फोनमध्ये दोन सिम असतील तर दुसऱ्या सिमवर आलेला कॉल अनेक फोनमध्ये पहिल्या सिमचा डेटा अडवतो, म्हणून डावाच्या काळात ते सिम बंद ठेवावे. बॅटरी सेव्हर बंद असावा. फोन एका जागी, शक्यतो टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवावा.

वीज गेली तर

राउटर आणि फायबरचा डबा, ज्याला केबलवाले ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात, हे बहुधा १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्यापूर्वी अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहावेत. दोन डबे वेगळे असतील तर दोघांनाही वीज लागेल. घरात इन्व्हर्टर असूनही अनेकांचा राउटर वीज जाताच बंद पडून पुन्हा सुरू होतो, कारण बदल होण्याच्या क्षणाचा झटका त्याला सोसत नाही. राउटर पुन्हा जागा होईपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात आणि तेवढ्यात डाव संपतो. यासाठी इन्व्हर्टर असला तरी छोटा यूपीएस लावणे फायद्याचे आहे. मात्र केबलवाल्याच्या स्वतःच्या यंत्रणेला बॅकअप आहे का, हे त्याला आधी विचारावे. गावाची वीज जाताच त्याचा स्विच बंद पडत असेल तर आपला यूपीएस नुसता दिवा दाखवत राहील.

तिसरी पायरी : वेळ-नियंत्रण निवडणे

माझ्या मते हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे. समजा भरपाई मिळूनही दर चालीला ०.१ सेकंद गळतो आणि डाव ४० चालींचा झाला, तर एकूण ४ सेकंद गेले. १+० च्या (एक मिनिट, दर चालीला वाढ शून्य सेकंद) डावात साठ सेकंदांतून ते चार सेकंद, म्हणजे पंधरावा हिस्सा. १०+५ च्या डावात दहा मिनिटे आणि चाळीस वेळा पाच मिळून ८०० सेकंद होतात. त्यात ते चार म्हणजे अर्धा टक्का. लाइन तीच, अन्याय मात्र तेरा पटींनी कमी.

प्रत्येक चालीनंतर सेकंद वाढवून देणाऱ्या घड्याळाचे पेटंट बॉबी फिशर यांना १९८९ मध्ये मिळाले, आणि त्यांचा हेतू होता की जिंकलेला डाव केवळ वेळेअभावी कोणी हरू नये. लॅग असलेल्या लाइनसाठी ही वाढ म्हणजे कवच आहे. ३+० ऐवजी ३+२, ५+० ऐवजी ५+३ खेळावे. राउटरपर्यंतची मोजणी स्वच्छ असूनही लाइन दिवसातून चार वेळा तुटत असेल तर १५+१० किंवा ३०+२० बरे. आणि जिथे नेटवर्क येते-जाते तिथे पत्राने खेळल्यासारखा, दर चालीला एक ते चौदा दिवस देणारा प्रकार आहे. त्याला कमी लेखू नये, विचार करण्याची सवय त्यातूनच लागते. लिचेसच्या अरेनात, म्हणजे ठराविक वेळेत एकामागून एक डाव खेळण्याच्या स्पर्धेत, बर्सर्कचे बटण दाबले की आपला वेळ निम्मा होतो आणि वाढीव सेकंदही जातात, तेव्हा डळमळीत लाइनवर त्या बटणाकडे पाहू नये.

चौथी पायरी : प्रत्यक्ष डावात

डावापूर्वी सेटिंगमध्ये तीन गोष्टी कराव्यात : प्याद्याची वजिरात बढती आपोआप, सोंगट्यांची हालचाल दाखवणारे ॲनिमेशन बंद, आणि जलद डावांत चालीची पुष्टी मागणारा पर्याय बंद. प्रीमूव्हचा, म्हणजे प्रतिस्पर्धी खेळण्याआधीच नोंदवून ठेवलेल्या चालीचा, नियम संकेतस्थळाप्रमाणे बदलतो. लिचेसवर प्रीमूव्हला वेळ लागत नाही, चेस डॉट कॉमवर प्रत्येक प्रीमूव्हचे ०.१ सेकंद कापले जातात. लाइन संथ असेल तेव्हा प्रीमूव्ह उपयोगी पडते, पण ती सक्तीच्या चालींपुरती ठेवावी : मार परत घ्यायचा आहे, शहाला एकच उत्तर आहे, अशा ठिकाणी.

लाइन तुटल्यास ती परत जोडली जायला आपल्याकडे साधारण किती सेकंद लागतात, हे सरावाच्या डावात मुद्दाम वायफाय बंद-चालू करून पाहावे. तो आकडा आठ आला, तर वाढीव सेकंद नसलेल्या डावात घड्याळ पंधरा-वीसच्या खाली जाऊ देऊ नये, मग त्यासाठी मधल्या डावात दुय्यम चाल खेळावी लागली तरी चालेल. पडदा थिजल्यावर पान पुन्हा पुन्हा उघडणे ही सर्वसाधारण घबराट आहे. जोडणी आपोआप परत होते आणि पान नव्याने उघडण्याला बहुधा जास्त वेळ लागतो. आपली चाल पटावर दिसते म्हणजे ती पोहोचली असे नाही. प्रतिस्पर्ध्याचे घड्याळ चालू झाले आहे का आणि खाली पुन्हा जोडणी होत असल्याची सूचना दिसते आहे का, हे पाहावे. फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागला असेल तर वाट न पाहता वायफाय बंद करून मोबाइल डेटा सुरू करावा.

प्रतिस्पर्ध्याची लाइन गेली असेल तर शांत बसावे. त्याचे घड्याळ चालूच असते, त्यामुळे त्याला त्यातून विचाराचा फुकट वेळ मिळत नाही. ठराविक काळानंतर लिचेस विजय मागण्याचा किंवा बरोबरी घेण्याचा पर्याय देते. लिचेसवर प्रतिस्पर्ध्याला १५ सेकंद देण्याचेही बटण आहे. मैत्रीच्या डावात समोरच्याची लाइन गेल्याचे स्पष्ट दिसत असेल तर ते दाबणे शोभून दिसते, स्पर्धेत तसे करण्याचे बंधन नाही. हरत आल्यावर डाव सोडून जाणाऱ्यांना लिचेस काही काळ खेळण्यास बंदी घालते, म्हणून चॅटमध्ये शिव्या लिहिण्याची गरज नाही.

क्लबच्या ऑनलाइन स्पर्धेसाठी नियम

२०२० च्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडमधले दोन प्रसंग प्रत्येक आयोजकाने अभ्यासावेत. २८ ऑगस्टला भारत-आर्मेनिया उपांत्यपूर्व सामन्यात हाइक मार्तिरोस्यान यांची जोडणी तुटली आणि भारताच्या निहाल सरीनविरुद्धचा त्यांचा डाव वेळ संपून गेला. आर्मेनियाचे अपील फेटाळले गेले आणि तो संघ पुढची फेरी न खेळता बाहेर पडला. दोनच दिवसांनी, ३० ऑगस्टच्या अंतिम सामन्यात जगभरातील इंटरनेटवर परिणाम करणारा मोठा बिघाड झाला. निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचे डाव जोडणी तुटून, वेळ संपून गेले. नाशिकचा विदित गुजराथी कर्णधार असलेल्या भारताने अपील केले आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी भारत व रशिया यांना संयुक्त विजेते ठरवले. आर्मेनियाला हा निर्णय कडू लागला असणार, आणि ते समजण्यासारखे आहे. तरी एका खेळाडूची लाइन जाणे आणि सर्वांसाठीची यंत्रणा कोसळणे यांतला फरक नियमात आधीच लिहून ठेवावा लागतो, हे यातून दिसते.

आपल्या तालुका पातळीच्या स्पर्धेत म्हणून असे लिहावे : खेळाडूची लाइन, वीज आणि यंत्र ही त्याची जबाबदारी, संकेतस्थळाने दिलेला निकाल अंतिम, मात्र एकाच वेळी अनेक पटांवरचे खेळाडू बाहेर फेकले गेले किंवा संकेतस्थळच बंद पडले, तर ती फेरी पुन्हा. "अनेक" म्हणजे किती, हा आकडा स्पर्धा सुरू होण्यापूर्वी जाहीर करावा, नाहीतर अमळनेरच्या पालकांचा एक आकडा आणि शिरपूरच्या पालकांचा दुसरा. तक्रार कोणाकडे आणि फेरी संपल्यापासून किती मिनिटांत करायची, तेही लिहावे. वाढीव सेकंद सक्तीचे ठेवावेत. आदल्या दिवशी एक चाचणी फेरी ठेवली तर निम्मे वाद तिथेच मिटतात, कारण कोणाचा ओटीपी येत नाही आणि कोणाचा फोन तापतो हे त्या दिवशीच कळते.

केबलवाल्याशी बोलताना

"नेट स्लो आहे" असे सांगितले की "राउटर बंद करून चालू करा" हेच उत्तर मिळते. त्याऐवजी राउटरपर्यंतची आणि बाहेरची मोजणी, दोन्हींचे स्क्रीनशॉट वेळेसह पाठवावेत आणि विचारावे, "भाऊ, आमच्याकडे पॉवर किती येतोय?" त्याच्याकडे फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणारे मीटर असते. घरोघरी येणाऱ्या नेहमीच्या फायबर जोडणीत हा आकडा उणे २७ डीबीएमच्या जवळ गेला की डबा माहिती नीट वाचू शकत नाही. उणे २० च्या आसपास असेल तर ठीक. आकडा कमजोर असेल तर कारण बहुधा वळलेली पॅच कॉर्ड (डब्याला जोडणारी छोटी फायबर वायर), खांबावरचा ओला झालेला जॉइंट किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीने ओढलेली वायर असते, आणि हे तिन्ही दोष दुरुस्त होतात. आकडा चांगला असूनही रात्रीच झटके येत असतील तर त्याच्या पुढच्या लाइनवर गर्दी आहे. ती लाइन त्याने वाढवली नाही, तर शेजारी ज्याची लाइन रात्री दहा वाजता स्थिर चालते त्याच्याकडे जाऊन दहा मिनिटे पिंग मोजावा आणि मगच जोडणी बदलावी.